मळक्या कमळाचा रंग

आमचे डॉक्टर कुणाला पहिल्यांदा भेटले की नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. "कितीं महिन्यांचे तुम्ही?" असं विचारत. नातवाला दाखवायला आलेला मिशाळ ताशिलदार असो की इस्पितळात चुना लावायला आलेला गवंडी, प्रश्न एकच. बिचारा ताशिलदार आपलं वय सांगायला तोंड उघडायचा, तर डॉक्टर हात हलवून म्हणायचे, "ते नव्हे. आईच्या पोटांत कितीं महिने होतांत?" ताशिलदार हबकून बायकोकडे बघायचा. तिला तरी काय ठाऊक असणार!

मी नोकरी मागायला गेले तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. नर्सिंगचं सर्टिफिकेट मी पदराखाली जपून आणलं होतं, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, "पुरे नऊ, डाक्टर. वर चार दिवस." ते खूश झाले. टेबलावरून वाकून त्यांनी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली, दुमडली, सोडली, आणि ती टणकन जागेवर गेलेली बघून म्हणाले, "बेष. उद्यांपासून ये." माझी नेमणूक अशी कानावर झाली. आमच्या तंजावरच्या मराठी घरांत मुलीनं नर्स होणं आधीच कुणाला पटलेलं नव्हतं. त्यात परक्या पुरुषानं कान धरला हे मी घरी सांगितलंच नाही.

कानाचं त्यांचं शास्त्र होतं. पुऱ्या दिवसांच्या बाळाचा कान दुमडला तर उलटून जागेवर येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा ओल्या कापडासारखा दुमडलेलाच राहतो. तसंच तळपायांचं. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तळपायावर रेघा असतात, अपुऱ्याचा गुळगुळीत. लग्नकार्यात पंक्तीला बसले तरी डॉक्टरांचं लक्ष पानावर नसायचं, समोरच्या रांगेतल्या कानांवर असायचं. आमच्यातली डांगर पचडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, त्यांना फार आवडायची, पण ती वाढणाऱ्या बाईचा कान मऊ वाटला तर पचडी राहायची बाजूला.

त्यांच्या बोलण्यात तीन भाषांची वाटणी पक्की होती. हुकूम इंग्रजीत, शिव्या तमिळमध्ये आणि माघार मराठीत. मराठी सुरू झाली की आम्ही नर्सा ओळखायचो, आता काही भीती नाही.

इस्पितळ लहानसंच, एका मिरासदाराच्या देणगीवर उभं राहिलेलं. त्यात एक खोली वेळेआधी जन्मलेल्या बाळांची. खोलीत परदेशाहून आलेली एक काचेची पेटी होती, आणि कोपऱ्यात प्राणवायूचं नळकांडं. पेटी आली तेव्हा म्हणे वाजंत्री लावून आणली होती. पण मी पाहिलं ते असं, की त्या नळकांड्याच्या नळाला डॉक्टरांशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि डॉक्टर लावायचे तो बंद करायलाच. प्राणवायूला ते सरळ 'वारा' म्हणत. तमिळ नर्सांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'काट्रु कंजन', म्हणजे वाऱ्याचा कंजूष. लोक पैशाला चिकट असतात, तुपाला असतात. वाऱ्याला चिकट असलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

या चिकटपणाचंही त्यांनी एक यंत्र केलं होतं. जवळच्या अय्यमपेट्टैत रेशीम रंगवणारे आहेत. त्यांतल्या एका रंगाऱ्याकडून त्यांनी रेशमाच्या पाच पट्ट्या रंगवून घेतल्या होत्या आणि पंख्याच्या काडीला ओळीनं बांधल्या होत्या. पहिली कत्तरिक्का, म्हणजे वांग्याच्या रंगाची. मग जांभूळ. मग मळकं कमळ. मग चांगलं कमळ. शेवटची डाळिंब. बाळाच्या ओठांशी ही काडी धरायची आणि रंग जुळवायचा. वांगं किंवा जांभूळ दिसलं तर वारा थोडा वाढवायचा. मळकं कमळ दिसलं की थांबायचं. आणि डाळिंब दिसलं की संपलंच. बाळ असं लालबुंद, टवटवीत झालेलं बघून आईबाप, आज्या, आम्ही नर्सा सगळ्यांचे चेहरे फुलायचे आणि हा एकटा माणूस तमिळमध्ये सुरू व्हायचा. कुणाचा बाप काढायचे ते आता लिहीत नाही.

"बाळ मळकं दिसतं हो डाक्टर," एखादी आजी रडकुंडीला यायची.

"मळकंच पाहिजे," हे म्हणायचे. "मळलेलं धुतां येतं."

म्हणजे काय, हे आम्हांला कळत नसे. विचारायची छाती नव्हती.

काडी फक्त दिवसाउजेडी चालायची, कारण दिव्याखाली रंग खोटा दिसतो म्हणत. त्या खोलीत आम्ही रंगीत काही नेसायचं नाही, भिंतींना पांढऱ्याशिवाय रंग नाही. एकदा एका नर्सनं केसांत अबोली माळली होती, तर तिला बाहेर काढलं. अबोलीची झाक बाळाच्या गालावर पडते म्हणे!

त्या खोलीच्या दारावर एक पाटी होती. बाळ आलं की तिच्यावर खडूनं लिहायचं. किती महिने, किती पौंड, किती दिवस वारा. यातल्या पौंडाला वजनकाटा होता, वाऱ्याला वही होती. महिन्यांचं मात्र अवघड. आमच्या कावेरीकाठच्या खेड्यांतल्या बायका तारीख कशाला लक्षात ठेवतील! त्या म्हणणार, "कालव्याला पाणी आलं तेव्हा शेवटची न्हाले," नाहीतर "लावणीच्या वेळी", नाहीतर "पोंगलला बाहेर बसले नव्हते". म्हणून डॉक्टरांनी भिंतीवर कोळशानं सबंध वर्षाचं भाताचं पीक काढून ठेवलं होतं. पाणी कधी सुटलं, रोपं कधी टाकली, लावणी कधी, कापणी कधी, आणि त्याखाली आठवडे. बाईनं लावणी म्हटलं की हे काठीनं भिंतीवर मोजत जायचे. "बाई खोटं सांगेल, कालवा सांगत नाही," असं त्यांचं वचनच होतं.

आणि दर शनिवारी दुपारी हा माणूस छत्री घेऊन पापनाशमच्या बसमध्ये बसायचा. मागे कितीही गडबड असो. येताना रात्र व्हायची. डॉक्टर एकटेच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तेव्हा आम्ही नर्सांनी काय अर्थ काढला असेल ते सांगायला नको. पापनाशमला त्यांचं दुसरं घर आहे, आणि ती बाई विणकराची विधवा आहे, इथवर आमची माहिती पक्की होती. ती विधवा कशी दिसते तेसुद्धा मी एका नव्या नर्सला सांगितल्याचं मला आठवतं.

आता माझं सांगते. माझं लग्न वैकासीत झालं. वैकासी म्हणजे आपला साधारण वैशाख-ज्येष्ठ. नवरा तंजावरातच शाळामास्तर, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. बसमध्ये खिडकीची जागा ही त्यांची जन्मजात मालकी. कंडक्टरनं उठवलं तरी उठायच्या नाहीत.

दोन महिने झाले नाहीत तोच आडी महिना, म्हणजे आपला आषाढ-श्रावण, लागला. तमिळ लोकांत आडीत नव्या नवरीला माहेरी पाठवतात. त्या महिन्यात दिवस राहिले तर बाळंतपण ऐन चित्तिरैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हात येतं, आणि चित्तिरैत झालेलं पहिलं मूल घराला जड जातं, असा समज. आम्ही मराठी लोक तीनशे वर्षं त्यांच्यात राहून त्यांच्याहून कडक झालेलो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझी पेटी बांधून ओरत्तनाडूला माझ्या माहेरी रवाना केली. तिथून मी रोज बसनं इस्पितळात यायची. नवऱ्यानं तोंडही बघायचं नाही.

आडीच्या अठराव्या दिवशी आमच्याकडे नव्या पाण्याची पूजा असते. माहेरची सगळी मंडळी पाच तऱ्हांचे भात घेऊन कालव्यावर गेली. मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले. खोटं नव्हतं, थोडं दुखत होतं. तेवढ्यात नवरेमहाशय तंजावरहून पंधरा मैल सायकल हाणत आले. कारण काय, तर माझी छत्री घरी राहिली होती. छत्री द्यायला!

पुढे काही आठवड्यांनी दिवस राहिल्याचं कळलं. सासूबाईंना काय सांगायचं? मी हिशेब दीड महिना मागे ढकलला. आडीच्या आधी, कालव्याला पाणी सुटलं त्याच्या आसपास, म्हणून सांगून टाकलं. सासूबाईंनी बोटं मोजली, बाळंतपण चित्तिरैच्या आधीच उरकतं हे पाहिलं आणि समाधानानं डोहाळजेवणाच्या तयारीला लागल्या. इस्पितळात डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. भिंतीवरचं भात मी रोज बघत होते आणि त्याच भातासमोर उभी राहून खोटं बोलले.

पोंगल, म्हणजे संक्रांत, होऊन महिना झाला आणि एका पहाटे अचानक माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत मुलगी झाली. पावणेतीन पौंड. पाटीवर खडूनं 'आठ पुरे' असं लिहिलं गेलं, आणि मुलगी काचेच्या पेटीत.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ काळवंडले. पेटी माझ्या खाटेपासून एका दारापलीकडे. मी भिंत धरत गेले. काडी धरायची गरजच नव्हती, वांगं मला लांबूनही दिसत होतं. मद्रासहून नवा आलेला धाकटा डॉक्टर म्हणत होता, "सर, आठ पुरे आहेत, नळ सोडा. डोळ्यांना भीती नाही. नाहीतर मूल जाईल." आमच्या डॉक्टरांनी वारा थोडासाच वाढवला, ओठ जांभळावर आले. मग त्यांनी पेटीच्या भोकातून हात घालून मुलीचा कान दुमडला. तो तसाच राहिला. तळपाय उलटा करून पाहिला. नर्सनं मला परत खाटेवर आणलं होतं, तिथे मग ते आले. सासूबाई शेजारी बसलेल्या.

"कितीं महिन्यांची?" त्यांनी मला विचारलं.

"आठ पुरे," मी म्हटलं. सासूबाईंनी मान हलवून दुजोरा दिला.

"अक्का," ते सासूबाईंना म्हणाले, "मला एक इळनीर पाहिजे. समोरच्या दुकानाचं नक्को. पश्चिम वेशीशी एक म्हातारा बसतो, त्याच्याकडचं. लौकर जाऊन आणा."

नारळपाण्यासाठी मैलभर! पण बाळाच्या डॉक्टरनं मागितलेलं. सासूबाई पदर खोचून निघाल्या.

डॉक्टर स्टुलावर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी मराठीतच सुरुवात केली, आणि पहिल्यांदा मला मराठीची भीती वाटली.

"तूं आलीस त्याच्या आधीची गोष्ट. ही पेटी नवी आलेली. पापनाशमच्या एका मास्तराची पोर, सातव्यांत झालेली. मी नळ सोडटलों. अठ्ठावीस दिवस. डाळिंबासारखी झाली पोर. गांवोगांवचे लोक बघायला आले. मी मिशीला पीळ देऊन उभा. चवथ्या महिन्यांत तिची आई मणाली, डाक्टर, पोर दिव्याकडे बघत नाही. मी बघटलों, तर बाहुलीच्या मागें अस्कि पांढरं, सगळं पांढरं. मग बोटीनं मासिक आलं परदेशाचं. त्यांत लिहिलेलं. असे डोळे वाऱ्यानं जातात. जितकी पोर अपुरी, जितका वारा जास्ती, तितके लौकर."

शनिवारची विणकराची विधवा माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डोळ्याच्या आंतलं कापड शेवटच्या तीन महिन्यांत विणून होतं," ते म्हणाले. "अर्धं विणलेलं घेऊन पोर बाहेर आली, वर तिला वारा कोंबटला, की सूत बिघडतं. आठ पुरे असले तर विणकाम बहुतेक झालं. मी आत्तां नळ सोडतों, भिऊं नको. सात असले तर जगायापुरताच देणार. मग जगेल की नाही, ते मला सांगतां येत नाही. आणि कान मला सांगतो तेवढ्यावर एकट्यानं नळ फिरवायची छाती आतां मला नाही. तूं सांग."

आजही सांगते, त्या क्षणी मला सासूबाईंची लाज आठवली नाही. मला एवढंच दिसत होतं, की मी 'आठ' म्हटलं तर माझी मुलगी आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी होईल. आणि 'सात' म्हटलं तर ती काळवंडलेलीच राहील, कदाचित संध्याकाळी नसेलही. एका शब्दाचं काम होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

"आडी अठरा," मी म्हटलं.

त्यांनी तळहातावर बोटानं आठवडे मोजले. बराच वेळ मोजले. मग उठता उठता विचारलं, "सायकल की बस?"

"सायकल."

"पंधरा मैल! बेष," म्हणाले, आणि नळाकडे गेले.

सासूबाई घामाघूम होऊन इळनीर घेऊन आल्या, तर डॉक्टरांनी ते त्यांनाच प्यायला लावलं. वहीत त्यांनी इंग्रजीत खरे आठवडे लिहिले, ती वही कपाटात ठेवली. दारावरच्या पाटीवर मात्र 'आठ पुरे' तसंच राहिलं, शेवटपर्यंत.

मुलगी त्या संध्याकाळी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. डॉक्टर तासातासाला काडी घेऊन यायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि नळ केसभर इकडे, केसभर तिकडे. मुलगी सदा मळकी. दुसऱ्यांच्या बाळांना मळकं ठेवताना मी आज्यांची समजूत घालत असे. आता माझ्या वाट्याला आलं, तेव्हा मनातल्या मनात या माणसाला मी जे शाप दिले, ते त्यांच्या तमिळ शिव्यांच्या वरताण होते.

दुसऱ्या शनिवारी ते पापनाशमला गेले. दुपारची वेळ, खोलीत मी एकटी. मुलगी जांभळाकडे झुकलेली. मी नळाला हात लावला. नर्स असून लावला, सगळं ऐकून-समजून लावला. नळ सोडला. आणि बघता बघता तिच्या ओठांवर कमळ आलं, मग डाळिंब. अशी सुंदर दिसली ती! मी पेटीवर गाल टेकून बघत राहिले. मग काडीवरची ती शेवटची पट्टी दिसली. नळ पूर्वीच्या खुणेवर आणून ठेवला.

सोमवारपर्यंत मी जेवले नाही. सोमवारी त्यांना सांगितलं. तमिळची वाट बघत मान खाली घालून उभी राहिले.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं असतील."

"जा, जेव," ते मराठीत म्हणाले. "माझे अठ्ठावीस दिवस होते."

पण त्या दहा मिनिटांचा निकाल लगेच लागणार नव्हता. डोळ्यांचं तीन महिन्यांशिवाय कळत नाही, म्हणाले. मुलगी पेटीतून बाहेर आली, पाच पौंडांची झाली, घरी गेली, बारसं झालं. सासूबाई तिला काजळ घालायला आणि मी काजळाचं बोट अडवायला, असा आमचा रोजचा खेळ. दिवा दाखवला की ती बघायची, असं मला वाटायचं. मग वाटायचं, दिव्याच्या उष्णतेकडे वळत असेल. दिवसातून वीस वेळा मी तिच्या तोंडापुढून हात फिरवायची. सासूबाई म्हणायच्या, "माशा हाकलतेस की काय ग?"

तीन महिने झाले त्या दिवशी डॉक्टरांनी खोलीचे पडदे ओढायला लावले. मुलीच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबले, आणि डोळ्यात बघायचा छोटा दिवा घेऊन वाकले. उजवा डोळा. मग डावा. मग परत उजवा. मी त्यांच्याच स्टुलावर बसले होते. शेवटी ते ताठ झाले. इंग्रजीत म्हणाले, "नॉर्मल." मग पडदा नीट ओढला नाही म्हणून नर्सला तमिळमध्ये हाणलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "रडूं नको, उठ. स्टूल माझं आहे."

पुढे ते निवृत्त झाले. काडी घरी घेऊन गेले आणि शनिवारची बस चालू ठेवली. मुलगी सहा वर्षांची असताना एका शनिवारी बसस्टँडवर ते आम्हांला भेटले. सासूबाई, मी आणि मुलगी, आम्ही पापनाशमच्याच बसमध्ये चढत होतो, सासूबाईंचा तिथल्या देवळाचा काही नवस होता. डॉक्टरांनी मुलीला थांबवून विचारलं, "कितीं महिन्यांची तूं?"

"आठ पुरे," मुलीनं घोकलेलं उत्तर दिलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून काडी काढून मुलीपुढे धरली. तिनं पाचही रंग घडाघडा सांगितले, वर म्हणाली, "हे मळलंय, धुवायला पाहिजे." ते हसले. मग एकदम मला म्हणाले, "देऊळ झालं की मास्तरांकडे येतांत की? त्यांची पोर पेटीतल्या पोरांना भेटायचं म्हणत असते."

मास्तरांचं घर देवळामागच्या गल्लीत होतं. ओसरीवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बसून शेंगा सोलत होती. दोन घट्ट वेण्या, डोळे मिटलेले. सोललेले दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला, एक दाणा चुकत नव्हता. तिला सगळं ठाऊक होतं. ती सात वर्षांची असताना तिनं विचारलं होतं आणि डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. दर शनिवारी येऊन ते तिला शाळेचं पुस्तक वाचून दाखवत आणि आमच्या खोलीतल्या बाळांच्या गोष्टी सांगत, हे मला तिथे कळलं.

तिनं माझ्या मुलीला हातानं जवळ ओढलं. केस, नाक, हनुवटी चाचपली. कान धरला, दुमडला, सोडला. मला हसूच आलं. ही विद्या कुणाची ते सांगायला नको होतं.

"कितीं महिन्यांची?" तिनं विचारलं.

माझी मुलगी तोंड उघडणार तेवढ्यात मी बोलले. सासूबाई माझ्या शेजारी, हातभर अंतरावर नवसाचा नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पण त्या पोरीला खोटं सांगायला माझी जीभ रेटेना.

"सात," मी म्हटलं. "सातही पुरे नव्हते."

"माझ्यासारखी," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "हिला दिसतं?"

"दिसतं," मी म्हटलं.

शेंगा सोलणारे हात थांबले. डॉक्टर खांबाशी उभे होते, तिकडे तिनं तोंड वळवलं.

"हिला वारा कमी दिलांत की?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"बेष केलांत," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंग हातात घेतली.

छत्री खांबाशीच विसरून डॉक्टर अंगणात उतरले, ती मी मागून नेऊन दिली.

परतीच्या बसमध्ये सासूबाई नेहमीसारख्या खिडकीशी बसल्या. मला दिसत होतं, पदराखाली त्यांची बोटं चालली होती. मासी, तै, मार्गळी, एकेक महिना मागे. आडीवर येऊन बोट थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग, जन्मात कधी कुणासाठी उठल्या नव्हत्या त्या सासूबाई खिडकीच्या जागेवरून उठल्या आणि नातीला तिथे बसवलं.

"बस," म्हणाल्या. "बघ बाहेर."